प्रश्न वाचकांचे : एका यूएसबी हबवर किती मायनर चालतील?

बिटकॉइन या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी (म्हणजे व्यवहारांची नोंद करण्याच्या शर्यतीत यंत्राने सतत गणित करून नवे बिटकॉइन बक्षीस मिळवण्यासाठी) मिळणाऱ्या, पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या यूएसबी स्टिकविषयी, म्हणजेच मायनरविषयी, गेल्या काही महिन्यांत विदर्भातून बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे या अंकात एकत्र दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या पत्रांमधील निम्म्या शंका त्यातच सुटतात.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी आर्णी तालुक्यातील (जि. यवतमाळ) एका खेड्यात राहतो आणि बी.एस्सी. झाल्यापासून घरची शेती पाहतो. हौस म्हणून मी मायनिंगच्या पाच जुन्या स्टिक घेतल्या. त्या न्यूपॅक प्रकारच्या असून प्रत्येकीत बीएम १३८७ जातीच्या दोन चिपा आहेत. २०० मेगाहर्ट्झवर चालवली असता एक स्टिक यूएसबी मीटरवर १.३ ॲम्पिअर दाखवते. माझ्याकडे सात पोर्टांचा हब आहे आणि त्याच्या अडॅप्टरवर ५ व्होल्ट, ३ ॲम्पिअर असे छापलेले आहे. दोन स्टिक रात्रभर नीट चालतात. तिसरी लावली की थोड्याच वेळात तिन्ही बंद पडतात आणि हबचा दिवा लुकलुकू लागतो. पाच स्टिकना हिशेबाने ३२.५ वॅट लागतात, म्हणून मी मोबाइलचा ३३ वॅटचा फास्ट चार्जर केबल बदलून हबला जोडून पाहिला, तरी फरक पडला नाही. दोष हबमध्ये आहे की स्टिकमध्ये?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून दोन्ही वस्तू धडधाकट दिसतात, कमी पडतो आहे तो वीजपुरवठा. हबमध्ये वीज तयार होत नाही. अडॅप्टरकडून किंवा संगणकाकडून जे येते तेच तो पोर्टांमध्ये वाटतो. आपल्या अडॅप्टरची क्षमता ५ व्होल्टवर ३ ॲम्पिअर, म्हणजे १५ वॅट आहे. दोन स्टिक २.६ ॲम्पिअर घेतात, त्यामुळे त्या कशाबशा त्यात बसतात. तिसरी लावताच मागणी ३.९ ॲम्पिअरवर जाते, अडॅप्टरमधील संरक्षण-मंडल पुरवठा तोडते, क्षणभर थांबून पुन्हा चालू करून पाहते, भार तसाच असल्याने पुन्हा तोडते. दिव्याचे लुकलुकणे हे या तोडजोडीचेच लक्षण आहे. कान जवळ नेल्यास अडॅप्टरमधून बारीक टिक-टिक असा आवाजही बहुधा ऐकू येईल.

आता फास्ट चार्जरविषयी. आपला वॅटांचा हिशेब बरोबर आहे, पण चार्जरवरचे छापील अक्षर पूर्ण वाचायला हवे होते. ‘३३ वॅट’ हा आकडा वरच्या व्होल्टेजचा असतो; उदाहरणार्थ ११ व्होल्ट गुणिले ३ ॲम्पिअर. ते व्होल्टेज देण्यापूर्वी चार्जर आणि मोबाइल यांच्यात केबलमधून संकेतांची देवाणघेवाण होते, आणि समोरून तसा संकेत आला नाही तर चार्जर ५ व्होल्टवरच राहतो. त्या ५ व्होल्टच्या ओळीसमोर बहुतेक चार्जरांवर २ किंवा ३ ॲम्पिअरच लिहिलेले आढळते. आपला हब असा कोणताही संकेत देत नाही, तेव्हा ३३ वॅटच्या चार्जरने त्याला जास्तीत जास्त १५ वॅटच दिले, आणि आपण जिथे होता तिथेच राहिलात. तो संकेत मिळून ११ व्होल्ट हबवर आले नाहीत, हे एका परीने बरेच झाले. तसे झाले असते तर पाचही स्टिक जळाल्या असत्या.

सात पोर्टांचा हब असताना अडॅप्टर इतका लहान का देतात, असा प्रश्न आपल्या मनात येईल. यूएसबी २.० च्या मानकानुसार एका पोर्टातून ५०० मिलिॲम्पिअर आणि यूएसबी ३.० च्या मानकानुसार ९०० मिलिॲम्पिअर अपेक्षित असतात. सात पोर्टांचे अगदी ५०० मिलिॲम्पिअर धरले तरी ३.५ ॲम्पिअर होतात, म्हणजे हा अडॅप्टर मुळातच तोकडा आहे. परंतु माउस, कीबोर्ड आणि एखादा पेनड्राइव्ह एवढेच ग्राहक लावणार असे गृहीत धरून उत्पादक तेवढ्यावर भागवतात. २०१३ मध्ये आलेला ब्लॉक इरप्टर हा यूएसबी मायनर सुमारे ३३३ मेगाहॅश (सेकंदाला ३३.३ कोटी हॅश, म्हणजे मायनिंगच्या गणिताचे तेवढे प्रयत्न) देत असे आणि ५०० मिलिॲम्पिअरच्या आसपास वीज घेत असे. त्या काळात बऱ्यापैकी अडॅप्टरचा हब घेऊन सगळे पोर्ट भरणे शक्य होते. पुढच्या स्टिकमध्ये चिपा बदलल्या, वेग शेकडो पटींनी वाढला आणि एकेक स्टिक एका पोर्टाच्या ठरीव मर्यादेबाहेर गेली. आपली स्टिक १.३ ॲम्पिअर घेते, म्हणजे यूएसबी २.० च्या पोर्टाच्या अडीचपटीहून अधिक. म्हणून ‘हब किती पोर्टांचा’ याऐवजी ‘एका पोर्टातून किती ॲम्पिअर आणि सगळ्यांतून मिळून किती’ हे विचारून हब घ्यावा लागतो.

मग याच हबला ५ व्होल्ट, १० ॲम्पिअरचा अडॅप्टर लावला तर? असा सल्ला पुष्कळ जण देतात; मी देणार नाही. स्वस्त हबमधील गोल सॉकेट, आतल्या पट्टीवरचे तांब्याचे मार्ग आणि अडॅप्टरची वायर या तिन्ही गोष्टी ३ ॲम्पिअरच्या बेताने केलेल्या असतात. त्यांतून साडेसहा ॲम्पिअर गेल्यास लहान अडॅप्टर जसा आपणहून बंद पडत होता तसा मोठा पडणार नाही. तो मागेल तेवढे देत राहील आणि तापेल ते सॉकेट. हबच्या सॉकेटभोवतीचे पांढरे प्लास्टिक पिवळसर झाले असेल किंवा पिन ओढताना ती बोटाला चटका देत असेल, तर तो हब त्याच दिवशी बाजूला ठेवावा.

दुसरी अडचण वायरमधील घटीची आहे. ठिबकच्या लांब नळीत शेवटच्या झाडापाशी जसा दाब उरत नाही, तसेच बारीक वायरच्या टोकाशी व्होल्टेज उरत नाही. स्टिक रुंद असल्याने शेजारच्या पोर्टावर चढतात, म्हणून आपण एक्स्टेन्शन केबल वापरत असाल. त्या केबलच्या आवरणावर बारीक अक्षरांत ‘२८ एडब्ल्यूजी/१पी, २४ एडब्ल्यूजी/२सी’ यासारखा मजकूर छापलेला असतो. यातील पहिला आकडा माहिती नेणाऱ्या जोडीचा आणि दुसरा वीज नेणाऱ्या दोन तारांचा. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. वीज नेणारी तारही २८ क्रमांकाची असेल तर तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम भरतो. एक मीटरच्या केबलमध्ये जाण्याची आणि परतीची अशी दोन मीटर तार असल्याने १.३ ॲम्पिअरला अर्ध्या व्होल्टहून अधिक घट होते, आणि ५ व्होल्टांपैकी स्टिकपर्यंत जेमतेम ४.४५ पोहोचतात. २२ क्रमांकाच्या तारेत हीच घट साधारण ०.१४ व्होल्ट असते. यात आणखी एक गोम आहे. स्टिकवरील मंडल ५ व्होल्टचे रूपांतर चिपांना लागणाऱ्या अगदी कमी व्होल्टेजमध्ये करते आणि चिपांची वॅटची भूक ठरलेली असते; म्हणून वरून व्होल्टेज कमी आले की ते मंडल भरपाईसाठी जास्त ॲम्पिअर ओढते, त्यामुळे वायरमध्ये आणखी घट होते, आणि शेवटी स्टिक संगणकाच्या यादीतून नाहीशी होते. सीजीमायनर हा मायनिंगचा प्रोग्राम वापरत असाल तर अशा स्टिकसमोर ‘झॉम्बी’ असा शेरा दिसतो. स्टिक बंद न पडता केवळ हार्डवेअर त्रुटींचा आकडा वाढत असेल, तर तेही बहुधा अपुऱ्या व्होल्टेजचे किंवा उष्णतेचे लक्षण समजावे.

आपल्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला सोपा : ज्याचा अडॅप्टर १२ व्होल्ट, ५ ॲम्पिअरचा (६० वॅट) आहे आणि ज्यात ५ व्होल्ट तयार करणारे मंडल हबच्या आतच आहे, असा हब घ्यावा. साडेसहा ॲम्पिअर ५ व्होल्टवर अडॅप्टरच्या वायरीतून आणण्याऐवजी इथे १२ व्होल्टवर साधारण ३ ॲम्पिअर आणावे लागतात, त्यामुळे त्या वायरीतील घट निम्म्याहून कमी होते आणि उरलेली घट आतले मंडल सांभाळून घेते. मात्र प्रत्येक पोर्टातून किमान दीड ॲम्पिअर मिळतो असे हबच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असावे. काही हबमध्ये एक-दोन पोर्टच चार्जिंगचे असतात आणि बाकीचे साधे. असा हब उपयोगाचा नाही.

दुसरा मार्ग हाताला सवय असणाऱ्याचा आहे. यात हबचे काम केवळ माहिती नेण्याचे राहते आणि वीज वेगळ्या पुरवठ्यातून दिली जाते. एलईडी फलक तयार करणाऱ्यांकडे ५ व्होल्ट, १० ॲम्पिअरचा जाळीदार पत्र्याचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) सहज मिळतो. प्रत्येक स्टिकसाठी एक आखूड एक्स्टेन्शन केबल घ्यावी, तिची फक्त लाल तार मध्ये कापावी, हबच्या बाजूचे टोक टेप लावून बंद करावे आणि स्टिकच्या बाजूचे टोक २ ॲम्पिअरच्या फ्यूजमधून एसएमपीएसच्या धन टोकाला जोडावे. काळी तार कापायची नाही. तिला डाग देऊन एक जादा तार काढावी आणि ती एसएमपीएसच्या ऋण टोकाला न्यावी. हब आणि पुरवठा यांचे ऋण टोक एकच राहिले नाही तर हिरव्या-पांढऱ्या तारांतील संकेत स्टिकला कळणार नाहीत. स्वस्त केबलमध्ये तारांचे रंग पाळलेले असतीलच असे नाही, म्हणून कात्री लावण्यापूर्वी कोणती तार कोणत्या पिनेला जाते ते मल्टिमीटरने पाहावे. हब आणि एसएमपीएस एकाच बटणावर ठेवावेत, म्हणजे एक चालू आणि दुसरा बंद अशी स्थिती येत नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी मोजणी एकाच जागी करायची आहे : स्टिक चालू असताना, तिच्या अगदी तोंडाशी. रिकाम्या पोर्टावर ५.१ व्होल्ट दिसणे फार महत्त्वाचे नाही. पाचही स्टिक कामाला लागल्यावर प्रत्येकीच्या तोंडाशी ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान आकडा हवा. एसएमपीएसच्या टोकांच्या बाजूला एक लहान स्क्रू असतो, त्याने व्होल्टेज किंचित कमी-जास्त करता येते. तो हळूहळू आणि मल्टिमीटर लावूनच फिरवावा, आणि रिकाम्या अवस्थेत ५.२५ च्या वर कधीही नेऊ नये.

आणखी एक तपासणी लॅपटॉपसाठी. हबचा अडॅप्टर चालू ठेवावा, हबची संगणकाला जाणारी केबल संगणकातून काढावी आणि तिच्या चपट्या पिनेतील कडेच्या दोन पट्ट्यांवर मल्टिमीटरची टोके ठेवावीत. तिथे शून्याच्या आसपास आकडा हवा. ५ व्होल्ट दिसले तर हबमध्ये उलटा प्रवाह अडवण्याची सोय नाही, आणि अडॅप्टरची वीज आपल्या लॅपटॉपच्या पोर्टात मागच्या दाराने शिरते आहे. असा हब बदलणे उत्तम. तोवर ५ व्होल्टच्या पट्टीवर उष्णता सोसणाऱ्या पातळ टेपचा तुकडा लावून ती झाकता येते. काही हब मात्र त्या पट्टीवरूनच संगणक ओळखतात आणि टेप लावल्यावर अजिबात चालत नाहीत.

हवामानाचे दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. एसएमपीएसवरील आकडा साधारण ४० ते ५० अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात आणि टिनाच्या खोलीत त्याहून अधिक, म्हणून छापील क्षमतेच्या ६५-७० टक्क्यांवर थांबावे. १० ॲम्पिअरच्या एसएमपीएसवर साडेसहा ॲम्पिअर हा हिशेब त्यात बसतो. स्टिकवर पंखा हवाच, पण तो हबच्या पोर्टावर लावू नये. कूलरसमोर स्टिक मांडण्याची कल्पना आपल्याला सुचली असेल तर ती सोडून द्यावी : कूलरच्या हवेत ओलावा असतो, बोअरच्या पाण्यातील क्षार आणि ताट्यांची धूळ त्याबरोबर येते, आणि उघड्या पट्टीवर त्याचा थर बसला की जोड गंजतात.

आणि ज्या खोलीत भाव वाढेपर्यंत कापूस भरून ठेवला असेल, त्या खोलीत यातले काहीही लावू नये. कापसाचे तंतू पंख्याच्या पात्यांवर आणि एसएमपीएसच्या जाळीत आठवडाभरात जमा होतात, हवा अडते, आणि सैल पिनेत उडालेली एक ठिणगी पुरेशी होते. रात्रभर चालणारे, कोणी जवळ नसलेले यंत्र आणि छतापर्यंत रचलेला कापूस एका खोलीत असूच नयेत.

प्रश्न : वरोरा तालुक्यात (जि. चंद्रपूर) आमचे शेत आहे. विहिरीवर पाच एचपीचा पंप असून त्याचे बिल आता येत नाही. घरच्या मीटरवर भार टाकण्यापेक्षा पंपाच्या खोलीत हब आणि दहा स्टिक लावाव्यात, असा माझा आणि चुलत भावाचा विचार आहे. शेजारच्या शेतात सौर पंप आहे, त्याच्या पॅनेलवरून वीज घेता येईल का, हेही सांगावे.

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नयेत. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेतील सवलत साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी आहे, जोडणीवरून चालणाऱ्या वाटेल त्या उपकरणासाठी नाही. ज्या कारणासाठी जोडणी मंजूर झाली त्याखेरीज अन्य कारणासाठी वीज वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. त्याची आकारणी संबंधित वर्गाच्या दराच्या दुप्पट होते, आणि वापर कधी सुरू झाला ते ठरवता आले नाही तर तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांसाठी होते. शिवाय शेतीच्या फिडरवर वीज पाळीप्रमाणे, ठरावीक तासच येते. मायनिंगला मात्र चोवीस तास वीज आणि इंटरनेट लागते. त्यात डीपीवर एखादा फेज गेला की पंपाच्या खोलीतील व्होल्टेज कुठल्या कुठे जाते, हे आपल्याला मी सांगायला नको.

सौर पंपाच्या बाबतीत तर जिवाचा प्रश्न आहे. ती पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात आणि त्यांच्या टोकांवर कित्येक शे व्होल्टचा डीसी दाब असतो. त्यातून ५ व्होल्ट काढण्याचा घरगुती प्रयत्न करू नये. डीसीची ठिणगी सहज तुटत नाही. सौर विजेवरच प्रयोग करायचा असेल तर स्वतःचे वेगळे १२ व्होल्टचे पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि १२ चे ५ व्होल्ट करणारे मंडल अशी लहान मांडणी करावी आणि एक-दोन स्टिकवर समाधान मानावे. दहा स्टिकचे ६५ वॅट रात्रंदिवस पुरवायचे म्हणजे दिवसाला दीड युनिटहून अधिक वीज साठवावी लागते, आणि तेवढ्या बॅटरीची किंमत स्टिकच्या किमतीला मागे टाकते.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यात (जि. वर्धा) प्राथमिक शिक्षिका आहे. मुलगा अमरावतीला अभियांत्रिकीला आहे. सुटीत घरी आला की हबला चार-पाच स्टिक लावून रात्रभर चालू ठेवतो आणि ‘आई, यातून पैसे मिळतात’ असे सांगतो. हे कायद्याने चालते का, खरोखर पैसे मिळतात का आणि बिल किती वाढेल?

उत्तर : ताई, पैशांचा हिशेब आधी करू. मुलाच्या स्टिक पहिल्या पत्रातील स्टिकसारख्या आहेत असे धरतो. त्या चिपेत ११४ गाभे असतात आणि प्रत्येक गाभा एका ठोक्याला एक हॅश काढतो. २०० मेगाहर्ट्झवर दोन चिपांचे मिळून सुमारे ४५ गिगाहॅश (एक गिगाहॅश म्हणजे सेकंदाला १०० कोटी हॅश) आणि पाच स्टिकचे सुमारे २२५ गिगाहॅश होतात. आकडा मोठा वाटतो, पण बिटकॉइनच्या साऱ्या जाळ्याची क्षमता २०२५ मध्ये १,००० एक्साहॅशवर पोहोचली होती, आणि एक एक्साहॅश म्हणजे १०० कोटी गिगाहॅश. दर दहा मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला साधारण १४४ ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचे गठ्ठे) निघतात. एप्रिल २०२४ मध्ये बक्षीस निम्मे झाल्यापासून एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात. म्हणजे जगभरात दिवसाला ४५० बिटकॉइन. त्यातील मुलाचा वाटा एका बिटकॉइनच्या सुमारे एक कोटीव्या भागाएवढा येतो. एका बिटकॉइनला एक कोटी रुपये भाव धरला तर ही कमाई दिवसाला एक रुपया.

खर्चाची बाजू अशी. स्टिकचे ३२.५ वॅट, अडॅप्टरमधील नुकसान, पंखा आणि लहान संगणक मिळून ५० वॅट धरू. चोवीस तासांत १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. सगळे आकार मिळून युनिटला १० रुपये धरले तर दिवसाला १२ रुपये. संगणक म्हणून पूर्ण लॅपटॉप चालू राहत असेल तर याहून जास्त. आपला घरगुती वापर सध्या महिन्याला शंभर युनिटांच्या थोडाच आत असेल, तर हे ३६ युनिट आपल्याला वरच्या, महागड्या टप्प्यात नेतील, हेही बिल पाहताना लक्षात घ्यावे.

मुलगा म्हणेल की तो कमाई वाटून घेणाऱ्या मायनरांच्या समूहात न जाता एकटा नशीब अजमावतो आहे आणि ब्लॉक लागला तर ३.१२५ बिटकॉइन पूर्ण त्याचे. तत्त्वतः ते खरे आहे. पण वरच्याच आकड्यांनुसार या पाच स्टिकना एक ब्लॉक लागायला सरासरी ८४ हजार वर्षे लागतील.

कायद्याविषयी : भारतात मायनिंगवर बंदी नाही. १ एप्रिल २०२२ पासून बिटकॉइनसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातून झालेल्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, उपकर वेगळा. १ जुलै २०२२ पासून अशा व्यवहारांवर १ टक्का टीडीएसची तरतूदही आहे. यंत्रसामग्रीवर केलेला मायनिंगचा खर्च संपादनाचा खर्च म्हणून धरता येणार नाही, असे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. तेव्हा ‘बिल वजा करून नफा दाखवू’ हा मार्गही बंद आहे.

तरीही मुलाला सरसकट मना करावे असे मला वाटत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने व्होल्टेजची घट स्वतः मोजणे, केबलला डाग देणे, हॅश म्हणजे काय ते चालत्या यंत्रावर पाहणे यांत वाईट काही नाही, आणि महिन्याला साडेतीनशे-चारशे रुपयांत ही शिकवणी महाग म्हणता येत नाही. आपण दोन अटी घालाव्यात. हब आणि अडॅप्टर फरशीवर किंवा पत्र्यावर ठेवावेत. गादी, पुस्तके, पडदा जवळ नसावा. आणि अडॅप्टर पत्र्याच्या आवरणाचा असेल तर तो खऱ्या अर्थिंगच्या थ्री-पिन सॉकेटवरच लावावा. आपल्याकडील जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण मागे तार नसते. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर गावच्या वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. मृग लागण्याच्या सुमारास गडगडाट सुरू झाला की सगळ्या पिना भिंतीतून काढायच्या. नुसते बटण बंद करून भागत नाही.

प्रश्न : तिरोडा (जि. गोंदिया) येथून लिहितो. माझ्याकडे ५ व्होल्ट, ४ ॲम्पिअरचे दोन अडॅप्टर आहेत. ते समांतर जोडून ८ ॲम्पिअर करता येतील का? आणि एका हबला दुसरा हब जोडून बारा स्टिक लावल्या तर चालेल का?

उत्तर : समांतर जोडू नयेत. दोन अडॅप्टरांचे व्होल्टेज तंतोतंत सारखे कधीच नसते, ज्याचे ५.१ असेल तो जवळजवळ सगळा भार उचलतो आणि ५.० वाला स्वस्थ राहतो. पहिला थकून बंद पडला की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तोही बंद पडतो. त्याऐवजी स्टिकचे दोन गट करावेत, प्रत्येक गटाला त्याचा स्वतंत्र अडॅप्टर द्यावा, धन टोके वेगळी ठेवावीत. एक स्टिक १.३ ॲम्पिअर घेत असेल तर ४ ॲम्पिअरच्या अडॅप्टरवर थंडीत फार तर तीन आणि उन्हाळ्यात दोनच चालवाव्यात. म्हणजे आपल्या दोन अडॅप्टरांवर सहाच्या वर स्टिक जाणार नाहीत. बारा हव्या असतील तर पुरवठा वाढवावा लागेल.

हबला हब जोडल्याने माहितीच्या बाबतीत अडचण येत नाही. मायनरला नेणे-आणणे फारच थोडे असते, त्यासाठी यूएसबी २.० चा हबही पुरतो. मात्र दुसऱ्या हबलाही स्वतःचा अडॅप्टर हवा. पहिल्या हबच्या एका पोर्टातून त्याने सहा स्टिकची वीज ओढावी ही अपेक्षा करू नये. संगणक आणि उपकरण यांच्या दरम्यान एका रांगेत पाचपेक्षा जास्त हब चालत नाहीत, आणि सात पोर्टांच्या पुष्कळ हबच्या पोटात चार पोर्टांच्या दोन चिपा एकीला एक जोडलेल्या असतात, त्यामुळे असा एक हब दोन म्हणून मोजावा लागतो. आपल्या संगणकाला दोन मोकळे पोर्ट असतील तर दोन्ही हब थेट त्यांनाच लावावेत.